हिवराळे सरांचे मुरलीअण्णा

शहागंजात रफिकभाई बाइंडरांच्या दुकानात जाऊन कुणी विचारलं, की रुमानिया कुठे आहे, तर रफिकभाई हातातली सुई बाजूला ठेवून सांगतात, "पहले निजाम के ताबे में था. बाद में अलग हुआ." हा इतिहास त्यांना कुणी शिकवला नाही, तो त्यांचा त्यांनी काढला. पण तो काढण्याइतका मालमसाला त्यांना हिवराळे सरांनी पुरवला, हे मात्र खरं. वेरूळ-अजिंठ्यामुळे आमच्या शहरात जगभरची माणसं येतात, चार फोटो काढतात आणि जातात. रुमानिया आमच्याकडे आला तो एकट्या हिवराळे सरांमुळे, आणि तो अजून गेलेला नाही.

सर आम्हाला बी.ए.ला सौंदर्यशास्त्र शिकवत. वर्गात आम्ही अकरा जण होतो. त्यातल्या सात जणांना दुसरा कुठलाच विषय मिळाला नव्हता म्हणून ते सौंदर्याकडे वळले होते. मी कन्नडहून रोज एसटीने येत असे आणि पहिल्या तासाला हमखास उशिरा पोचत असे. सर मूळचे सोयगावचे. बुटके, रुंद, बुशशर्ट कायम बाहेर सोडलेला, आणि चाल इतकी घाईची की मागून हाक मारली तर चार पावलं पुढे जाऊनच थांबत. वर्गात ते शुद्ध पुस्तकी बोलत आणि रागावले की थेट सोयगावात उतरत. त्यामुळे आम्हाला ते रागावलेलेच जास्त आवडत. ज्या विद्यार्थ्यावर मर्जी असे त्याला ते 'ए' म्हणत, आणि ज्याला 'अहो' म्हणत त्याचं काही खरं नसे. पहिलं सत्र मी 'अहो ज्योतीताई' होते.

पहिल्याच तासाला सरांनी फडक्यात गुंडाळलेली एक भाकरी आणली होती. ती टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "ही सुंदर आहे का?"

आम्ही हसलो. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, सोबत ठेचा असला तर आहे."

"ठेचा माझ्या डब्यात आहे, तो मिळणार नाही. हिची कसूर शोधा."

भाकरी हातोहात फिरली. एका कडेला ती थोडी करपली होती. सर खूश झाले. म्हणाले, "इथे भाकरी करणाऱ्या बाईचं लक्ष दुसरीकडे गेलं. पोरगं रडलं असेल, कुणी दार वाजवलं असेल. त्या करपलेल्या ठिपक्यातून तुम्ही तिच्या स्वयंपाकघरात शिरता. बिस्किटाच्या पुड्यातून कुणाच्या घरात शिरता येतं का? जिथं कसूर, तिथं दार. हे मी म्हणत नाही, तेओफिल मुरेलिआनु म्हणतात."

तेवढ्यात त्या ठेचावाल्याने धिटाईने विचारलं, "मग सर, आमच्या पेपरात चुका असल्या तर मार्क कापू नका."

"तुझ्या पेपराला दारंच दारं हायेत," सर म्हणाले, "भिंत कुठंय त्याला?"

हे मुरेलिआनु म्हणजे रुमानियाचे एक कवी आणि सौंदर्यशास्त्रज्ञ. भारतात त्यांचं नाव माहीत असलेली माणसं सरांच्या हिशेबाने तीन. एक सर, एक त्यांच्या पत्नी कमलताई आणि एक रफिकभाई. त्यातही कमलताईंना ते नाव उच्चारायचा कंटाळा होता, म्हणून त्यांनी लग्नानंतर पहिल्या महिन्यातच त्याचं 'मुरलीअण्णा' करून टाकलं. मग शेजारीपाजारी, पोस्टमन, कॉलेजचे शिपाई सगळे त्यांना मुरलीअण्णाच म्हणू लागले. सर आधी चिडत. नंतर तेही बोलता बोलता "आमचे अण्णा" म्हणू लागले. सकाळी कमलताई चहा ओतताना विचारत, "दोनच कप की अण्णांना पण?"

घरात बुद्धाच्या मूर्तीशेजारी अण्णांचा फोटो होता. झुबकेदार मिशा, डोक्यावर केसाळ टोपी, नजर जरा दुखावलेली. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा तो फोटो सरांनी मोठा करून घेतला होता. पहिल्यांदा येणारा पाहुणा त्याला हात जोडे. कमलताईंच्या एका मावसभावाने तर एका दिवाळीत त्या फोटोला हार घातला आणि "तात्यांना जाऊन किती वर्षं झाली?" असं गंभीरपणे विचारलं. सरांनीही तितक्याच गंभीरपणे वर्षं सांगितली.

पुस्तक सरांकडे आलं त्याचीही एक कहाणी होती. सरांचे वडील अजिंठ्याच्या लेण्यांपाशी पहारेकरी होते. एक गोरा माणूस झाडाखालच्या ओट्यावर पुस्तक विसरून गेला. वडिलांनी ते उचललं, मेणकापडात गुंडाळलं आणि घरी फळीवर ठेवलं. साहेब परत येईल, विचारील, तेव्हा आपण हजर करू, एवढाच त्यांचा हेतू. साहेब आला नाही. दर सणाला पुस्तकावरची धूळ झटकली जाई. सर कॉलेजात शिकवायला लागल्यावर त्यांना ते आठवलं आणि ही भाषा कुठली, याचा शोध सुरू झाला. एका डॉक्टरांनी लॅटिन सांगितलं. शहागंजातल्या रद्दीवाल्याने तुर्की सांगितलं. शेवटी छावणीतल्या चर्चच्या म्हाताऱ्या फादरांनी चष्मा लावून, दोन ओळी वाचून "रुमानियन" असा निकाल दिला. सरांनी पत्रं लिहून, वर्षभर वाट पाहून रुमानियन-इंग्रजी शब्दकोश मागवला आणि एका ओळीला तीन दिवस या गतीने वाचायला बसले. ते नंतर तीस वर्षं उठले नाहीत.

अण्णांचं चरित्र सर आम्हाला सांगत, ते आमच्या तालुक्यांच्या मापाने. "त्यांचं गाव म्हणजे आपलं कन्नड समजा. घाट आहे, बाजार आहे, उसाऐवजी द्राक्षं." डॅन्यूब नदी म्हणजे गोदावरीच, फक्त उन्हाळ्यातसुद्धा पाणी असलेली. अण्णा त्या गावातून शिकायला बाहेर पडले, मोठ्या शहरात सौंदर्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. मग सरकारने सगळीकडे सरळ रेषेतल्या, एकसारख्या इमारती बांधायला घेतल्या आणि अण्णांनी लिहिलं, की या घरांना कसूर नाही, म्हणून यांत कुणाला शिरता येणार नाही. झालं. नोकरी गेली, छापायला बंदी आली. दूरच्या एका गावात भाजीमंडईचा पहारेकरी म्हणून त्यांना तेरा वर्षं बसवलं. गावी जायची मनाई होती. त्या मंडईत बसून त्यांनी ज्या कविता केल्या, त्यांचं हे पुस्तक.

इथे आले की सर थांबत. "त्यांचा प्राध्यापकाचा पहारेकरी झाला," ते म्हणत, "आणि इकडं पहारेकऱ्याच्या घरात प्राध्यापक झाला. आम्ही दोघांनी मिळून जगाचा हिशोब बरोबर ठेवलाय."

आता निजामाचं. सर कवितांचे कच्चे अनुवाद जाड वह्यांत लिहीत आणि त्या वह्या बांधून घ्यायला रफिकभाईंकडे जात. एकदा दुकानात बसल्या बसल्या सरांनी रुमानियन ओळी मोठ्याने वाचल्या. रफिकभाई खळ लावता लावता थांबले. "सर, फिरसे बोलो."

सरांनी पुन्हा वाचलं. त्यात 'दुश्मन' होता. 'मैदान' होतं. 'हबर' होती, म्हणजे आपली खबर. 'कुसुर' तर होताच.

"सर, ये तो अपनीच जबान है!" रफिकभाई म्हणाले. "ये लोगां इधर से कब गए?"

सरांनी समजावून सांगितलं, की इकडून कुणी गेलं नाही, तुर्कांनी हे शब्द तिकडे नेले, जसे आपल्याकडे सुलतानांनी आणले. रफिकभाईंनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांना निजामाचा इतिहास सांगायला सुरुवात केली. सरांना मात्र त्या दिवसापासून एक नवीनच बळ आलं. शब्दकोशात त्यांनी दोन खुणा सुरू केल्या. न येणाऱ्या शब्दाखाली लाल रेघ, आणि 'आपल्या' शब्दापुढे हिरवी टिक. लाल रेघा दिसल्या की ते पान पान शोधत. हिरवी टिक दिसली की खुर्चीत मागे रेलून म्हणत, "हा आपला माणूस आहे, ह्याची काय चौकशी करायची?"

त्यांची रुमानियन सगळी पुस्तकातली होती, कानावर कधी पडलेली नव्हती. एकदा वेरूळला रुमानियाचं एक जोडपं आल्याचं त्यांच्या गाइड झालेल्या विद्यार्थ्याने फोनवर कळवलं. सर रिक्षाने वेरूळला धावले आणि त्या दोघांसमोर उभं राहून पंधरा मिनिटं बोलले. हवामान, मुरेलिआनु, सौंदर्याचं स्वरूप, सगळं बोलले. जोडपं अदबीने ऐकत राहिलं. मग बाईने हळूच गाइडला विचारलं, "हे कुठली भाषा बोलताहेत?" विद्यार्थी गुरुभक्त होता. तो म्हणाला, "मराठी." परत आल्यावर सरांनी आम्हाला सांगितलं, की रुमानियात नव्या पिढीची भाषा फार कच्ची राहिली आहे.

पुस्तकातली शेवटची कविता सरांची सर्वांत लाडकी. तिचं रुमानियन नाव 'मुसाफिर'. सरांनी तिला 'वाटसरू' केलं होतं. तेरा वर्षांनी कवीला गावी जायची परवानगी मिळते. तो घरी येतो. कुत्रं भुंकत नाही. आई खुर्ची पुसते, वरच्या फळीवरची चांगली बशी काढते आणि म्हणते, "बसा, वाटसरू." तिथे कविता संपते. ही कविता शिकवताना सरांची नजर छताच्या पंख्याकडे जाई आणि तिथेच राही. माणूस अनंताचा वाटसरू आहे, आईने मुलातला तो चिरंतन प्रवासी ओळखला, ही केवढी आध्यात्मिक उंची! तास संपल्याची घंटा होई तरी प्रवास चालूच असे. मी परीक्षेत त्या वाटसरूवर सहा पानं लिहिली. पेपर परत मिळाला त्या दिवसापासून सर मला 'ए ज्योती' म्हणू लागले.

मी शिकून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, लग्न करून शहरात आले. सर निवृत्त झाले. तीस वर्षांचा अनुवाद अखेर पक्का झाला. एका लहान मुद्रणालयाने तीनशे प्रती छापल्या आणि छापील कागद बांधणीसाठी रफिकभाईंकडे आले. प्रकाशनाला आठ दिवस होते. निमंत्रणपत्रिका वाटून झाल्या होत्या. त्याआधी काही महिने सरांच्या हृदयाचं दुखणं निघालं होतं आणि डॉक्टरांनी धावपळ करू नका, असं बजावलं होतं. सर म्हणत, "पुस्तक हातात आलं की मी कुठंही धावणार नाय. अण्णांना मराठीत आणायचं तेवढं एक काम आपल्याकडं दिलेलं हाय."

त्या दुपारी मी सरांसोबत दुकानात होते. रफिकभाई शेवटच्या फॉर्मच्या, म्हणजे सोळा पानांच्या छापील कागदाच्या, घड्या घालता घालता ओठ हलवत वाचत होते. त्यांना मराठी वाचता येई, पण जरा सावकाश. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"सर, बुरा नक्को मानो. एक बात पूछूं?"

"विचारा की."

"ये अम्मा ने कुर्सी पोछी. ऊपर के फळी की अच्छी बशी निकाली. वाटसरू को कौन निकालता सर? वाटसरू को दरवाजे पे पानी देते, वो पीता और जाता. ये तो घर में बैठनेवाला है. ये मेहमान है."

सरांचा चेहरा लाल झाला. "रफिकभाई, तुम्ही पुस्तकं शिवा. कवितेची शिवण उसवू नका. मुसाफिर म्हणजे मेहमान व्हय? तुमच्या घरी म्हणत असतील!"

"नै सर, हमारे घर में बी नै बोलते," रफिकभाई शांतपणे म्हणाले. "पर इसके घर में बोलते होंगे."

सर उठले आणि रिक्षात जाऊन बसले.  दुसऱ्या दिवशी सकाळी कमलताईंचा फोन आला, की ताबडतोब ये. मी गेले तर सर शब्दकोश उघडा टाकून बसले होते. 'मुसाफिर' या शब्दापुढे हिरवी टिक होती. आणि त्या खुणेच्या पुढे, बारीक इंग्रजी अक्षरात, इतकी वर्षं छापलेला अर्थ होता: गेस्ट, म्हणजे पाहुणा.

"ज्योती," सर म्हणाले, "जो शब्द येत नव्हता, तो मी दहा दहा वेळा बघितला. हा येत होता, म्हणून एकदाही बघितला नाय."

 कमलताईंनी चहा ठेवला आणि वातावरण हलकं करायला म्हणाल्या, "मग राहू द्या की. तुमचे अण्णाच म्हणतात ना, जिथं कसूर तिथं दार?"

"कसूर भाकरीला असते, कमल. इथं मी भाकरी म्हणून दगड वाढलाय." ते पुन्हा कवितेकडे वळले. "तेरा वर्षांनी पोरगा घरी आला, आणि आई त्याला पाहुणा म्हणाली. पाहुणा! आणि मी तीस वर्षं पंख्याकडं बघत अनंत शोधत बसलो."

मी भीत भीत म्हणाले, "सर, लग्नानंतर पहिल्यांदा कन्नडला गेले होते ना, तेव्हा आईने मला पाहुण्यांच्या कपात चहा दिला होता. मी म्हटलं, माझा पेला कुठाय? तर म्हणाली, असू दे, यातच घे. मला तेव्हा फार रडू आलं होतं."

सरांनी शब्दकोश मिटला. "म्हणजे तुला ही कविता माहीत होती. मग परीक्षेत का नाही लिहिलंस?"

"तुम्ही वाटसरू शिकवला होतात, सर."

प्रकाशन पुढे ढकललं. शेवटचा फॉर्म नव्याने छापायचा ठरला. कवितेचं नाव बदलायला एक मिनिट लागलं, पण शेवटची ओळ काही केल्या होईना. "बसा पाहुणे" म्हटलं की लग्नघर वाटे. "अतिथी" म्हटलं की सरकारी विश्रामगृह. "या, पाहुणे" म्हटलं की कुणीतरी मुलगी बघायला आलंय असं वाटे. कमलताई म्हणत, "मुलाला कुठली आई अशी हाक मारते?" सर म्हणत, "तेच तर शोधतोय." रफिकभाईंचा दर आठवड्याला निरोप येई, "सर, तीन सौ किताबां बिना दुम की पडी हैं." त्यांचं मत मेहमानला होतं. होता होता तीन महिने गेले. सरांना जिना चढताना मध्ये बसावं लागू लागलं. एकदा ते मला म्हणाले, "ही एक ओळ राहून मी गेलो ना, तर अण्णा मला वर दारात उभं करतील." ते हसले, पण मला ते हसणं आवडलं नाही. मला भीती वाटली.

एके दिवशी कमलताईंनी मला बाजूला घेतलं. "तुमच्या गाडीतून ह्यांना एकदा सोयगावला नेऊन आण. सासूबाई आठवण काढतात. ह्यांचं मनही जरा बदलेल." सरांच्या आई नव्वदीच्या घरात होत्या. सोयगावला धाकट्या भावाकडे राहत. सर वर्षातून दोनदा जात, मिठाईचा पुडा घेऊन, आणि त्याच दिवशी दुपारी चारच्या गाडीने परत येत. नेहमीचं कारण अण्णा. आज अमुक कविता अर्धी आहे, उद्या तमुक शब्द बघायचाय.

रविवारी आम्ही निघालो. सिल्लोड मागे पडलं. सरांच्या मांडीवर मिठाईचा पुडा होता. घड्याळ बघून ते म्हणाले, "चारला निघू. सहाला उजेड असतो."

आई ओट्यावर तुरी निवडत बसल्या होत्या. बारकी, सुरकुतलेली मूर्ती, पण डोळे लख्ख. मोतीबिंदू कधीच काढून झाला होता. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली, सरांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि तोंडभर हसल्या.

"आलं का पाव्हणं!"

सर ओट्याची पायरी चढत होते, ते तिथेच थांबले.

"ए सुने," आईंनी आत हाक दिली, "पाव्हणं आल्यात. सतरंजी झटकून आन. अन् फुलाची कपबशी काढ."

"आई," सर म्हणाले, "पाव्हणं काय म्हनती?"

"मंग काय म्हनू? वरसातनं दोनदा येतो. येताना पुडा आनतो. जेवताना घड्याळ बघतो. चार वाजलं की निघतो. पाव्हण्याला काय शिंगं असत्यात व्हय रं?"

धाकटे भाऊ हसले, सून हसली, मीही हसले. सरही हसले. त्यांचं हसणं सगळ्यांच्या नंतर थांबलं आणि मग ते ओट्यावर खाली बसले. सून सतरंजी घेऊन आली, तर त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. आई चेष्टाच करत होत्या, मनात काही नव्हतं. हीच चेष्टा त्या दर खेपेला करत असणार. सर दर खेपेला घड्याळाकडे बघत असल्यामुळे त्यांना ती ऐकू आली नव्हती, एवढंच.

"आई, वाईट वाटतं का गं तुला?" सरांनी विचारलं.

"कशाचं?"

"मी असा येतो आन् जातो त्याचं."

आईंनी एक खडा काढून अंगणात फेकला. "तुझा बाप म्हनायचा, पोरगं शिकलं की घरचं ऱ्हात नाय. म्या म्हनलं, नसना का ऱ्हात. खाऊनपिऊन सुखी तर ऱ्हाईल." पुढचा खडा शोधत म्हणाल्या, "वाईट वाटतं की. आईला वाटनारच. पर त्ये तुला सांगून काय, तू लई कामाचा मानूस."

सरांनी माझ्याकडे हात पुढे केला. मी पर्समधून हजेरीच्या वहीचा एक कोरा कागद काढून दिला. त्यावर त्यांनी एक ओळ लिहिली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "रफिकभाईला दे. म्हणावं, शेवटच्या पानावर हे. एक अक्षर बदलायचं नाय."

चार वाजले तसे आईंनीच आठवण करून दिली, "गाडी हाय ना रं तुझी?"

"गाडी नाय. मी ऱ्हातोय."

"किती दिस?"

"बघू."

आईंना हे खरं वाटलं नसावं. पण त्यांनी परीक्षा घेतल्यासारखं सूप उचललं आणि सरांच्या मांडीवर ठेवलं. "मंग बसून काय ऱ्हातो? निवड." ज्या माणसाने हयातभर कसूर शोधायला शिकवलं, तो सूप धरून बसला आणि दोन मिनिटांत आई ओरडल्या, "आरं, खडं ठेवून तुरी फेकायलाय की तू!"

ते तीन आठवडे सोयगावात राहिले आणि तिथेच, आईच्या घरी, एका सकाळी गेले. पुस्तक त्यांनी पाहिलं नाही. रफिकभाईंनी तीनशे प्रती शिवल्या, त्यातली एक माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर एवढंच आहे: 'आईनं खुर्ची पुसली, चांगली बशी काढली. म्हणाली, आलं का पाव्हणं.' प्रकाशनाच्या दिवशी कमलताईंनी ती ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. मला ती अजून नीट वाचता येत नाही.

पण त्या रविवारी मला यातलं काही माहीत नव्हतं. उजेडात घाट चढावा म्हणून मी निघण्याची घाई करत होते. सून ताटाचा आग्रह करत होती, आई माझ्या ओटीत तुरी घालत होत्या. मी गाडीत बसले, काच खाली केली. सर मला पोचवायला फाटकापर्यंत आले. पायात चपला नव्हत्या, हातात अजून सूप होतं, आणि बुशशर्टावर तुरीचं भुसकट. त्यांच्यामागे काठी टेकत आई उभ्या होत्या. मी म्हटलं, "सर, येते."

सरांनी आईकडे एकदा बघितलं. मग घरच्या माणसासारखा फाटकावर हात ठेवून ते मला म्हणाले, "सावकाश जावा, पाव्हणं."